थॉर्नलीने न वाचलेला शेवट

१

मिसेस पेल किंचाळल्या तेव्हा काचपेटीवरचं काळं कापड पुरतं निघालंही नव्हतं.

उर्वीच्या हातात कापडाचं टोक तसंच राहिलं. आधी तिला वाटलं, बाईंना उंदीर दिसला असेल. एल्मस्टोन हे कॉव्हेंट्रीबाहेरचं खेडं, त्यातलं हे दोनशे वर्षांचं घर, उंदीर असायचेच. मग तिने कापड ओढलं, पेटीत पाहिलं.

पुस्तकाची शेवटची पानं मोकळी झाली होती. पंख्यासारखी पसरून आरामात पडली होती. दोनशे वर्षं कुणी न कापलेली पानं!

"अरे देवा," ती मराठीतच म्हणाली. तिच्या शेजारी उभे असलेले प्रोफेसर जयंत माळवदे पेटीवर वाकले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आता हे घर कुणाचं आणि चार पानं मोकळी झाली म्हणून एवढा गहजब कशाला, ते सांगायला हवं. घर अ‍ॅम्ब्रोज थॉर्नली या कवीचं. वादळं, विरह, चांदण्यातले डोंगर असलं लिहिणाऱ्या त्या पिढीतला तो एक. पण त्याचं नाव राहिलं ते त्याच्या वाचायच्या तऱ्हेमुळे. त्या काळी पुस्तकाची पानं न कापताच मिळायची. मोठा कागद छापायचा, त्याच्या घड्या घालायच्या आणि तशाच शिवायच्या; घड्या ज्याच्या त्याने सुरीने कापायच्या आणि वाचायचं. अशा एका घडीच्या गठ्ठ्याला छापखान्यात फर्मा म्हणतात. थॉर्नली न्याहारीला बसला की लोण्याच्याच सुरीने एक फर्मा कापायचा आणि तुतीचा जॅम लावलेला पाव खात खात वाचायचा. बोटं पुसायची पद्धत त्याला कुणी शिकवली नसावी, कारण पानापानावर डाग आहेत. आणि पुस्तक संपत आलं की हा पठ्ठ्या शेवटचा फर्मा कापायचाच नाही. शेवट न वाचता पुस्तक कपाटात!

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते जयंत माळवदेंच्या. पुण्याहून केंब्रिजला आलेल्या या तरुण संशोधकाने थॉर्नलीचं कपाट उपसलं आणि जगाला सांगितलं की त्याच्या कविता अर्ध्यावर सोडल्यासारख्या संपतात, त्याचं कारण हे; त्याला शेवट नकोच होते. 'शेवट न वाचणारा कवी' हे शाळांतून शिकवू लागले. खालच्या दुकानात 'शेवट वाचू नका' असं लिहिलेले चहाचे मगसुद्धा विकायला होते. आणि या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे पेटीतली ही जाडजूड कादंबरी, थॉर्नलीची सर्वांत लाडकी. सर्वांत जास्त डाग हिच्यावर, आणि तरीही शेवटचा फर्मा अनाघ्रात.

होता. कालपर्यंत.

थोड्या वेळात पाहुणे येणार होते, प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. मिसेस पेल म्हणजे थॉर्नलीच्या मधल्या भावाच्या वंशातल्या, ट्रस्टच्या अध्यक्ष. त्या खुर्चीत कोसळल्या आणि इंग्रजीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागल्या, "चावी कुणाकडे होती? चावी कुणाकडे होती?"

"काल संध्याकाळपासून," जयंत सर हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाले, "चावी उर्वीकडे होती."

उर्वी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला नागपूरहून केंब्रिजला आणणारे सर. तिची पीएचडी करून घेणारे, ही क्युरेटरची नोकरी मिळवून देणारे सर. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२

उद्घाटन रद्द झालं. चार वाजता ट्रस्टची मीटिंग ठरली. उर्वीला ऑफिसात बसायला सांगितलं, म्हणजे सभ्य भाषेत कोंडलंच. सगळे तिला डॉक्टर देशपांडे म्हणायचे, ते सकाळपासून मिस देशपांडे म्हणायला लागले होते.

काय होणार ते तिला दिसत होतं. नोकरी गेली की वर्क व्हिसा गेला. आणि जिने थॉर्नलीचं पुस्तक फाडलं तिला जगातलं कुठलं म्युझियम दाराशी उभं करणार? कागदाला हात लावायचा तर तो हात स्वच्छ आहे असा लोकांचा विश्वास लागतो. तोच गेला तर उरलं काय?

तिने फोन लावला. "मावशी, येतेस का? मला फार भीती वाटतेय."

लीलावती ही तिच्या आईची मावसबहीण. उर्वी कॉव्हेंट्रीत तिच्याकडेच राहायची. बाईंचं सगळं आयुष्य विमा कंपनीत गेलं होतं. जळालेल्या दुकानाची राख चिवडायची आणि आग लागली की लावली ते सांगायचं, हे तिचं काम. रिटायर झाली तरी नाक तसंच होतं. ती आली ती अ‍ॅप्रनवरच, नखांत वाळलेलं पांढरं काहीतरी.

"मावशी, हे काय?"

"खळ आहे ग. मंडळाचे आकाशकंदील चाललेत ना. मागच्या वर्षीचे सगळे कसरीने खाल्ले मेलीने. मैद्याची खळ म्हणजे किड्यांना पंगतच. आपल्याकडे मोरचूद घालायचे त्यात, इथे कुठला आणू? लवंग घालून बघतेय." तिने खुर्ची ओढली. "रडायचं नंतर. आधी सांग, पानं तू कापलीस?"

"मावशी!"

"विचारायचं असतं. मी नवऱ्यालाही विचारायचे. शनिवार-रविवार कुठे होतीस?"

"शनिवारी संध्याकाळी चावी पेटीची यंत्रणा बघणाऱ्या कुशला दिली आणि लंडनकडे इल्फर्डला गेले, रश्मीच्या बाळाचं बारसं होतं. काल संध्याकाळी परत आले, चावी घेतली आणि पेटीकडे न बघताच घरी आले. कापड घातलेलं होतं, म्हटलं सकाळी बघू."

"पेटी कोण कोण उघडू शकतं?"

"चावी एकच. आणि पुस्तकाला हात फक्त सर लावतात. मीसुद्धा नाही. त्यांचा नियमच आहे, घडी नाजूक आहे, दुसऱ्या कुणाच्या हातून फाटेल."

"किती वर्षांपासूनचा नियम?"

"माझ्या जन्माआधीपासूनचा असेल."

मावशीने "हं" केलं. ती उठून शेल्फापाशी गेली. तिथे उर्वीचा प्रबंध होता, गडद तपकिरी कापडी बांधणीचा. पदवी मिळाली तेव्हा सरांनी स्वतःच्या हाताने बांधून दिला होता. त्यांचे वडील पुण्याला बाइंडर होते, आणि सर अजून रविवारी हौसेने पुस्तकं बांधतात. उर्वीला तो प्रबंध देवासारखा होता.

"सुरेख काम आहे," मावशी म्हणाली आणि तो परत ठेवला. "चल, तुझं मढं दाखव."

३

पेटी अजून तशीच होती. दाराशी मिसेस पेल पहाऱ्याला बसल्या होत्या. मावशीने आपलं विमा कंपनीचं जुनं कार्ड असं काही झटक्यात दाखवलं की बाईंनी तारीख वाचलीच नाही आणि पेटीची चावीही काढून दिली.

मावशीने भिंग काढलं आणि कितीतरी वेळ पुस्तकाकडे नाही, पुस्तकाखालच्या काळ्या मखमलीकडेच बघत राहिली.

"मावशी, पुस्तक इकडे आहे."

"दिसतंय मला. तू घडी कापलेली पाहिली आहेस ना कधी? काय होतं?"

"जुना कागद चिंध्यांपासून करायचे. कापला की बारीक तूस उडतं."

"मग ते कुठंय?"

उर्वीने मखमलीवर वाकून पाहिलं. काळ्या कापडावर पांढरं कणभरही नव्हतं. कापणाऱ्याने फुंकर मारली म्हणावं, तर कोपऱ्यात तरी काही सापडायला हवं.

"बाहेर नेऊन कापलं असेल," ती म्हणाली.

"असेल. आता कड बघ."

उर्वीने भिंग घेतलं. ताजी कापलेली कड आतून पांढरी निघते, सोललेल्या बटाट्यासारखी. ही कड तपकिरी होती, मळकी आणि बोथट. कडेच्या आत एक बारीकशी रेघ होती, तिथला कागद जास्तच काळवंडला होता आणि मध्येमध्ये अगदी पुसट, शेवाळ्यासारखी हिरवट झाक होती.

"ही कड काल कापलेली नाही," ती पुटपुटली.

"आज सकाळी नाही, काल नाही, गेल्या वर्षीही नाही. शाबास. आता जरा पान उलट की."

"मला परवानगी नाही ग!"

"तुझी नोकरी चार वाजता जाणार आहे, उर्वी. परवानगी कुणाची बघतेस?"

तिने ते पान उलटलं. जे आजवर कुणी पाहिलं नव्हतं असं सगळं जग मानत होतं, ते पान.

त्यावर तुतीच्या जॅमचा डाग होता.

४

एक डाग नव्हता. पुढच्या पानावर लोण्याचं पारदर्शक वर्तुळ होतं. त्याच्या पुढे मेणबत्तीचं मेण सांडलेलं. आणि सर्वांत शेवटच्या पानाचा खालचा कोपरा तर झिजून गोल झाला होता, बोट लागून लागून. पानभर अंगठ्याचे जांभळट ठसे.

उर्वी मट्‌कन खाली बसली. "घडी बंद असेल तर डाग आत जाईलच कसा?"

"नाहीच जाणार."

"म्हणजे त्याने कापलं होतं. थॉर्नलीने स्वतः. त्याने शेवट वाचला होता! मावशी, एकदा नाही, कितीदा तरी वाचला होता. बाकी सगळं पुस्तक न्याहारीचं आहे, इथे मेण आहे. म्हणजे हा भाग तो अंधार पडल्यावरही घेऊन बसायचा." तिला हसावं की रडावं कळेना. "पण मग आजपर्यंत ही पानं बंद कशी होती?"

"तेच तर. कापणारा शोधूच नकोस आता. चिकटवणारा शोध." मावशीने भिंग पिशवीत टाकलं. "आणि आधी हे बघू, की ती सुटली कशाने."

कुश बागेत सिगरेट ओढत होता. कॉव्हेंट्रीत जन्मलेला, तिशीतला, पेटीतली हवा सांभाळणारी यंत्रणा त्याच्या कंपनीने बसवली होती. मावशीला बघून त्याने सिगरेट पाठीमागे लपवली. मंडळाच्या गणपतीत ती त्याला लहानपणापासून ओरडत आली होती.

"लीलामावशी, मी काय नाही केला. ऑनेस्टली."

"तू काही केलंस असं मी म्हटलंच नाही. शनिवारी काय झालं?"

कुशने इकडेतिकडे पाहिलं. "नवीन सेन्सर रॉंग सेट झाला होती. ह्युमिडिटी एकदम हाय गेली. ते काच आतून फॉगी झाला, लाइक, बाथरूम मिररसारखी. अलार्म आला तेव्हा मी ऑफ केला. मग दोन तासात सगळा ओके झाला, सो मी कोणाला सांगितला नाही. माझी जॉब जाईल, मावशी."

"आणि कापड काढून पुस्तक बघितलंस?"

"नो! चावी मी किचनमधल्या हुकवर ठेवली आणि घरी गेलो."

"म्हणजे काल दिवसभर चावी हुकवर. गाढवा," मावशी म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ती उर्वीकडे वळली. "दमट हवेत काय सुटतं ते मला विचार. मंडळाच्या शेडमध्ये दर पावसात माझे कंदील सुटतात."

"खळ," उर्वी म्हणाली.

"खळच असेल असं नाही. इथले लोकही पिठाचीच पेस्ट वापरतात. पण काहीतरी पिठाचं. चल, आता त्या बाईंना विचारू, कापड निघायच्या आधीच किंचाळायला काय झालं होतं."

५

मिसेस पेलनी आधी खूप आढेवेढे घेतले. मावशी नुसती समोर बसून राहिली. तिचा हा जुना हातखंडा होता, गप्प बसायचं आणि समोरच्याला शांतता खायला उठू द्यायची. शेवटी बाईंनी रुमाल काढला.

"आमच्या घरात सांगतात, ॲम्ब्रोजचा धाकटा भाऊ समुद्रावर गेला तो परत आला नाही. त्याचं काहीतरी त्या पुस्तकाच्या शेवटी आहे, असं माझी आजी म्हणायची. काल सकाळी मी आले, चावी हुकवर दिसली. मी फक्त घडीतून आत डोकावणार होते. कापड उचललं तर पानं सुटलेली! मी हातही लावला नाही. पळाले."

"आणि आज सकाळी ही पोर अडकली तेव्हा गप्प बसलात," मावशी इंग्रजीत म्हणाली.

बाई रडू लागल्या. उर्वीला त्यांचा राग यायला हवा होता, पण तिचं लक्ष तिथे नव्हतंच. काल सकाळी पानं सुटलेली होती. काल सकाळी ती इल्फर्डला बाळाच्या पाळण्याशी उभी होती. ती आरोपातून सुटली होती! कागदावर तरी.

पण मग तिच्या मनात ती हिरवट झाक आली. पिठाची पेस्ट हिरवी कशाला होईल? इथले बाइंडर तर नुसती पेस्ट लावतात. आणि मग मावशीचं सकाळचं वाक्य, लवंगेचं, कसरीचं...

ती काही न बोलता ऑफिसकडे पळाली.

शेल्फावरचा प्रबंध तिने काढला. पुठ्ठ्याला आतून जिथे कोरा कागद चिकटवलेला असतो, तिथे कड उचलून खिडकीच्या उजेडात धरली. सहा वर्षांत एक किडा लागला नव्हता त्याला. मंद, पुसट, पण न चुकता दिसणारी शेवाळ्याची रेघ कडेने गेली होती.

मावशी दारात उभी होती.

"मोरचूद," उर्वी म्हणाली. "तांबं असतं त्यात, म्हणून हिरवं. आणि तांबं कागद खातं, म्हणून काळवंडलं. सकाळी हा हातात घेतलास तेव्हाच तुला कळलं होतं?"

"तेव्हा नाही. नुसतं वाटलं होतं, देशी बांधणी आहे. कड बघितल्यावर कळलं." मावशीने तिच्या केसांवरून हात फिरवला. "तुला सोडवायला कुश आणि त्या बाई पुरेत. तेवढं मी चार वाजता सांगते. याच्या पुढचं मी सांगणार नाही. गुरू तुझा आहे. हे पुस्तक तिथे न्यायचं की शेल्फावर ठेवायचं, ते तू ठरव."

६

चार वाजता थॉर्नलीच्याच जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले. मावशीने सांगायचं तेवढं सांगितलं: मखमलीवर तूस नाही, कड जुनी, आत जॅमचे डाग, शनिवारी पेटीत साठलेली वाफ, रविवारी सकाळी मिसेस पेलनी पाहिलेली सुटलेली पानं. "काल-परवा इथे गुन्हा झालेलाच नाही," ती म्हणाली. "झाला तो फार पूर्वी. कुणीतरी ही पानं चिकटवून बंद केली."

"कुणी?" मिसेस पेलनी विचारलं.

"ते एकोणिसाव्या शतकातही कुणी केलं असेल," जयंत सर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, वर्गातला. "आता ते कळणं अशक्य आहे."

उर्वीला वाटलं, गप्प बसावं. आपण सुटलो, पुरे झालं. या माणसाने तिला विमानतळावर घ्यायला स्वतः गाडी आणली होती. पहिल्या थंडीत आपला कोट दिला होता. आणि आज सकाळी तिच्याकडे न बघता तिचं नाव घेतलं होतं. आता खोटं बोलतानाही त्यांचा आवाज हलत नव्हता.

तिने पिशवीतून प्रबंध काढला, पुठ्ठा उघडला आणि टेबलावर आणून ठेवलेल्या कादंबरीशेजारी ठेवला. दोन्ही कडा एकमेकींना लागून.

सरांनी दोन्ही पुस्तकांकडे पाहिलं. खोलीत कुणाला काही कळलं नव्हतं, मिसेस पेल तर भांबावून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. सरांनी चष्मा काढला.

"अण्णा, माझे वडील, म्हणायचे," ते मराठीत म्हणाले, "मोरचूद न घालता खळ लावणारा बाइंडर पुस्तकाचा वैरी."

"सर..."

"कपाटातली बाकी सगळी पुस्तकं खरी आहेत, उर्वी. प्रत्येकाचा शेवटचा फर्मा बंदच आहे. मी खोटं शोधलं नव्हतं. माझं पुस्तक छापून झालं, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि मग माळ्यावरच्या पेटीत हे सापडलं. हे एकच. पूर्ण कापलेलं. त्या डिपार्टमेंटमध्ये मी एकटा हिंदुस्थानी होतो. मी चुकलो असतो तर ते म्हणाले असते, वाटलंच होतं. घरी मैदा होता. मोरचूदही होता, अण्णांनी येताना पुडी बांधून दिली होती." त्यांनी प्रबंधाच्या कडेवरून बोट फिरवलं. "खोटं करताना हात थरथरला नाही. पण साधी खळ लावायला नाही झालं. कसर लागली असती पुस्तकाला."

शेवटी ती मोरचुदाची खळच बोलली होती. इंग्रज बाइंडरने लावली असती तर नुसती पेस्ट, आणि सुटली असती तरी कुणाची म्हणून कुणी सांगू शकलं नसतं. पुस्तकाला जपायला घातलेली चिमूट पुस्तकालाही डसली आणि सरांनाही.

"ते मी समजू शकते," उर्वी म्हणाली. तिला आपल्याच आवाजाचं आश्चर्य वाटलं. "तुम्ही तरुण होता, घाबरलात. पण आज सकाळी, सर? तुम्हाला माहीत होतं ना, ही पानं कुणी कापलेली नाहीत? मग माझं नाव का घेतलंत?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"कुणीतरी कापलंय असं ठरायला हवं होतं," ते म्हणाले. "आणि तू लहान आहेस. वाटलं, तुला दुसरं काहीतरी मिळेल."

उर्वीला वाटलं होतं, सकाळचा धक्का सर्वांत मोठा होता. नव्हता. हा होता. रागाच्या भरातलं वाक्य असतं तर सोसलं असतं तिने. हे शांतपणे, हिशेब करून ठरवलेलं होतं.

तिने उभं राहून सगळं इंग्रजीत सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. मिसेस पेलनी तिचा हात धरून माफी मागितली, ती तिने स्वीकारली. सरांनी टेबलावर ट्रस्टचा बॅज काढून ठेवला.

सगळे पांगल्यावर ते दाराशी थांबले. कोट हातात, म्हातारे दिसत होते एकदम.

"मी चिकटवताना ती पानं वाचली नाहीत," ते म्हणाले. "मुद्दामच. वाचली असती तर चिकटवता आली नसती. उर्वी... शेवटी काय होतं ग त्यात?"

उर्वीने मघाशी, मीटिंगच्या आधी, ते शेवटचं पान वाचलं होतं. समुद्रावर हरवलेला धाकटा भाऊ परत येतो. घरात दिवा असतो, थोरला दार उघडतो. एवढंच. साधंसं, जरा भाबडंच. ज्याला बाकी कुठलाच शेवट नको होता, तो हा एक शेवट जॅमच्या बोटांनी, मेणबत्ती लावून, कोपरा झिजेपर्यंत वाचत राहिला होता. इतकी वर्षं हे जगाला कळलंच नव्हतं.

सांगावं असं तिच्या अगदी ओठावर आलं. सवयच होती, सरांनी विचारायचं आणि तिने सांगायचं.

"पुढच्या महिन्यात पेटी पुन्हा उघडेल, सर," ती म्हणाली. "शेवटचंच पान वर ठेवणार आहे. तिकीट काढून या आणि वाचा."

त्यांनी मान हलवली आणि फाटकाबाहेर गेले.

मावशी गाडी सुरू करून बसली होती. उर्वीने दुकानातले 'शेवट वाचू नका'चे मग खोक्यात भरायला कुशला सांगितलं, दिवे घालवले आणि येऊन तिच्या शेजारी बसली. कॉव्हेंट्रीच्या रस्त्याला लागेपर्यंत ती नीट होती. मग तिला असं काही रडू फुटलं की मावशीला गाडी बाजूला घ्यावी लागली.

"रड," मावशी म्हणाली. "सकाळपासून थोपवलं होतं ना मी." तिने अ‍ॅप्रनचं टोक पुढे केलं, त्यावर खळ वाळून कडक झाली होती. "घरी गेल्यावर मात्र बस माझ्याबरोबर. अर्धे कंदील अजून चिकटवायचे राहिलेत."